मालकाचा देव, गुलामाचं गाणं

प्रश्न: आफ्रिकन-अमेरिकन आणि कॅरिबियन कविता वाचायला घेतली आहे. जिकडे पाहावं तिकडे मोशे, यार्देन नदी, येशू. ज्यांनी साखळदंड घातले त्यांचाच धर्म कवटाळून या माणसांना मुक्ती कशी मिळणार होती? आपल्याकडे बाबासाहेबांनी धर्म सोडून वाट काढली. मग यांची आध्यात्मिक कविता मुक्तीची कविता कशी मानायची? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर:

हा प्रश्न १९३५ साली आपल्या शेजारीच, कोलंबोत, विचारला गेला होता. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मचिंतक तेव्हा सिलोन-हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. लॉ कॉलेजातलं भाषण संपलं, कॉफी झाली, आणि तिथल्या एका हिंदू गृहस्थांनी त्यांना थेट सुनावलं: तुमच्या लोकांना पकडून नेणारे ख्रिस्ती, विकणारे ख्रिस्ती, आजही झाडाला टांगून मारणारे ख्रिस्ती, आणि तुम्ही त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून इथे आलात? तुम्ही जगातल्या सगळ्या काळ्यासावळ्या माणसांशी गद्दारी करताय. थर्मन यांनी तिथे जे उत्तर दिलं त्याचं पुढे १९४९ मध्ये पुस्तक झालं. मला त्यातला एक प्रसंग सगळ्या तत्त्वचिंतनापेक्षा मोलाचा वाटतो.

त्यांची आजी फ्लोरिडात गुलाम म्हणून वाढलेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं चालत, यशया चाले, येशूच्या गोष्टी तर पुन्हा पुन्हा. पण पौलाची, म्हणजे येशूनंतरच्या त्या मोठ्या धर्मप्रचारकाची, पत्रं काढली की ती नको म्हणायची. प्रेमावरचा एक अध्याय सोडला तर पौल तिच्या घरात चालत नसे. कॉलेजात गेल्यावर नातवाने धीर करून कारण विचारलं. ती म्हणाली, मालकाचा गोरा पाद्री यायचा तेव्हा दर खेपेला पौलाचंच वचन घ्यायचा: दासांनो, आपल्या धन्याच्या आज्ञेत राहा. तेव्हाच मी देवाला शब्द दिला की कधी स्वातंत्र्य मिळालं आणि वाचता आलं, तर बायबलचा तो भाग मी वाचणार नाही.

एक निरक्षर बाई धर्मग्रंथातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे स्वतः ठरवते. या सगळ्या काव्यपरंपरेची सुरुवात मी तिथे मानतो. मालकाचा धर्म जसाच्या तसा उचलला गेला असं आपण गृहीत धरतो आणि प्रश्न तिथेच वाकडा होतो.

मालकांना हे कळत नव्हतं असं नाही. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६७ मध्येच कायदा करून टाकला की बाप्तिस्मा घेतल्याने कोणाची गुलामी संपत नाही. पुढे १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले 'निवडक भाग' छापले गेले. त्या पुस्तकात जुन्या कराराचा बहुतेक भाग गायब आहे. योसेफ गुलाम म्हणून विकला जातो आणि तरी इमानदार राहतो, ही गोष्ट आहे. मोशे आपल्या लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढतो, ती मात्र नाही. कात्री कुठे चालवायची हे छापणाऱ्याला बरोबर माहीत होतं. आता याच्या शेजारी गुलामांनी रचलेली गाणी ठेवा. 'स्पिरिच्युअल' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गाण्यांत कोण भेटतं? मोशे, त्याच्यामागून लोकांना पुढे नेणारा यहोशवा, सिंहांच्या गुहेतून सुटलेला दानीएल, माशाच्या पोटातून बाहेर आलेला योना, फारोचं म्हणजे मिसरच्या राजाचं बुडालेलं सैन्य. येशू येतो तो बहुधा फटके खाणारा, खिळे ठोकलेला, एकही तक्रारीचा शब्द न काढणारा. धन्याच्या आज्ञेत राहा सांगणारा पौल मात्र नाही. मालकाची कात्री एका बाजूने आणि गुलामांची बरोबर दुसऱ्या बाजूने.

'पण हे सगळं मेल्यानंतरच्या स्वर्गाचं, म्हणजे अफूच,' असा आक्षेप वर्गात हमखास येतो. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून पळालेला माणूस. तो १८५५ च्या आत्मचरित्रात लिहितो की आम्ही 'कनान देशाला', म्हणजे बायबलमधल्या देवाने कबूल केलेल्या भूमीला, 'निघालो' असं गायचो तेव्हा आमच्या मनात उत्तरेकडची मुक्त राज्यं होती. उत्तर दिशा म्हणजेच आमचं कनान. दुसरा पुरावा तुरुंगाचा आहे. यादवी युद्धाच्या तोंडावर, १८६१ मध्ये, साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाउन गावात 'आपण लवकरच मुक्त होऊ' हे भजन गायल्याबद्दल कृष्णवर्णीयांना कोठडीत टाकलं होतं. ही गोष्ट टॉमस हिगिन्सन या गोऱ्या अधिकाऱ्याने नोंदवली. माजी गुलामांच्या पलटणीचा तो कर्नल होता आणि शेकोटीभोवती ऐकलेली गाणी तो वहीत उतरवून घ्यायचा. त्या भजनात देव आपल्याला बोलावून घेईल असं म्हटलेलं. पलटणीतल्या एका ढोल वाजवणाऱ्या पोराने त्याला समजावलं की त्यांना वाटलं, देव म्हणजे आम्ही यांकींनाच, उत्तरेच्या लोकांनाच, म्हणतोय. कोठडीत टाकणाऱ्यांना कवितेतलं व्यंग्य आपल्या समीक्षकांपेक्षा चटकन कळलं, असं म्हणायला हरकत नाही.

इथे थोडा ब्रेक लावतो, कारण इंटरनेटवर या बाबतीत फार फुगवून सांगितलं जातं. प्रत्येक गाणं म्हणजे पळून जाण्याचा गुप्त नकाशा होतं, अमुक ओळीत नदी, तमुक ओळीत ध्रुवतारा, अशा कथा फिरतात. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध, पाणी प्यायच्या भोपळ्यावर म्हणजे सप्तर्षींवर नजर ठेवून चालायला सांगणारं गाणं, पहिल्यांदा छापलं गेलं १९२८ मध्ये. गुलामी संपून तेव्हा साठेक वर्षं झाली होती. गुलामांना पळवून मुक्त प्रदेशात नेणारी हॅरिएट टबमन लपलेल्या माणसांना इशारा देण्यासाठी गात असे, हे तिच्या हयातीत निघालेल्या चरित्रात आहे आणि तेवढं मी मानतो. बाकीचे नकाशे बाजूला ठेवा. गाण्याला महत्त्व यायला ते हेरगिरीचं साधन असावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. शब्दांवरून ही परंपरा अर्धीच कळते. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो इथे गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं. पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल गेला, हात, पाय आणि जमीन राहिली. जॉर्जिया-कॅरोलिनाच्या किनारी बेटांवर प्रार्थना संपली की बाकं सरकवून लोक गोल धरत आणि घड्याळाच्या उलट दिशेने सरकत जात. याला 'रिंग शाउट' म्हणतात. एक जण झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ठेका धरतो, एक ओळ टाकतो, बाकीचे ती परतवतात. पाय एकमेकांवरून जाता कामा नयेत, कारण पाय ओलांडले की तो नाच झाला आणि नाच म्हणजे पाप. वरून ख्रिस्ती शिस्त पाळलेली, आत मात्र पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आलेली गोल फिरण्याची, पूर्वजांना जागवण्याची रीत. अंगात येईपर्यंत हे चाले, कधी कधी उजाडेपर्यंत. १८६७ मध्ये या गाण्यांचा पहिला संग्रह निघाला, तेव्हा संपादकांनी प्रस्तावनेतच हात टेकले की हे आवाज स्वरलिपीत मावत नाहीत.

एक ओळ टाकतो आणि सगळे उचलतात, हे वाचून तुम्हाला आपले टाळकरी आठवतील. साम्य आहे, पण तिथे उचलणाऱ्यांना ओळ बदलायची मुभा आहे. १९६१ च्या अखेरीस जॉर्जियातल्या ऑल्बनी शहरात वर्णभेदाविरुद्ध पहिला मोर्चा निघाला. नंतर चर्चमध्ये जमल्यावर बर्निस जॉन्सन या कॉलेजातल्या मुलीला (पुढे बर्निस जॉन्सन रेगन म्हणून गाजलेल्या) कोणीतरी गाणं सुरू कर म्हटलं. लहानपणापासूनचं भजन होतं: माझ्या डोक्यावर, हवेत मला संकट दिसतंय. गाता गाता तिने 'संकट' काढलं आणि 'स्वातंत्र्य' घातलं. चाल तीच, वाक्य तेच, एक शब्द वेगळा. सगळ्या सभागृहाने तो शब्द परत दिला. ती नंतर सांगायची की त्या दिवशी तिला पहिल्यांदा जाणवलं, ही गाणी आपली आहेत आणि आपण ती हवी तशी वापरू शकतो. फॅनी लू हेमर यांचंही तसंच. मिसिसिपीच्या मळ्यावर कापूस वेचणारी ही बाई १९६२ च्या ऑगस्टमध्ये मतदार नोंदणीसाठी इतरांबरोबर बसने गेली. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली, लोक घाबरले, आणि हिने भजनं सुरू केली. माझ्या मते या परंपरेत मुक्तीची जागा सिद्धांतात नाही, ती या क्षणात आहे. गोलात उभ्या असलेल्या माणसाला कोणी 'माल' समजू शकत नाही, निदान गाणं चालू आहे तोवर. हे थोडं वाटतं का? मालकांना थोडं वाटलं नव्हतं.

बायबलच्या बाहेरच्या वाटाही तितक्याच जुन्या आहेत, आणि मराठी वाचकांपर्यंत त्या फारशा पोचलेल्या नाहीत. हैतीतल्या व्होडूचा, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या देवदेवतांच्या धर्माचा, आपल्याला परिचय आहे तो हॉलिवूडच्या बाहुल्या-टाचण्यांमुळे, आणि तो जवळजवळ सगळा खोटा आहे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये बुआ कायमां या रानात गुलामांची गुप्त सभा झाली. दत्ती बुकमन आणि परंपरेनुसार सेसिल फातिमां ही पुजारीण यांनी विधी केला. थोड्याच दिवसांत उत्तरेतले उसाचे मळे पेटले. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला, गुलामांच्या उठावातून उभा राहिलेला देश. बुकमनच्या तोंडची म्हणून जी प्रार्थना सगळीकडे उद्धृत होते ती अशी: गोऱ्यांचा देव गुन्हा मागतो, आपला देव सत्कर्म मागतो, आपल्या सगळ्यांच्या काळजात बोलणारा स्वातंत्र्याचा आवाज ऐका. पण हे शब्द पहिल्यांदा कागदावर आले १८२४ मध्ये, एरार द्युमेल या हैतीतल्याच लेखकाच्या पद्यात. म्हणजे आपल्या हातात आहे ती प्रार्थनेची कविता. मला त्यात काही उणं वाटत नाही. एका नव्या राष्ट्राने आपला जन्म प्रार्थनेतून झाला असं सांगायचं ठरवलं, हीसुद्धा इतिहासातली घटनाच आहे. पुढे त्याच देशात १९४१-४२ मध्ये चर्चने सरकारच्या मदतीने व्होडूची देवस्थानं उद्ध्वस्त केली, आणि धर्म म्हणून अधिकृत मान्यता मिळायला २००३ उजाडलं. ब्राझीलच्या बाइया प्रांतात कँदोंब्लेच्या, म्हणजे तिथल्या आफ्रिकी मुळांच्या धर्माच्या, देवळांना १९७६ पर्यंत पोलिसांकडे नोंद करावी लागत असे. स्वतंत्र झालेल्या देशांनाही या देवांची भीती वाटत राहिली.

मुसलमान गुलामांचा तर आपल्याला विसरच पडतो. उमर इब्न सईद हा सेनेगल भागातला शिकलेला माणूस, नॉर्थ कॅरोलिनात गुलाम होता. १८३१ मध्ये त्याने अरबीत छोटं आत्मवृत्त लिहिलं. सुरुवात केली कुराणातल्या अशा अध्यायाने, ज्याचं पहिलंच वाक्य सांगतं की सगळी सत्ता अल्लाहच्या हाती आहे. मालकाला अरबी येत नव्हतं. आपल्या मालकीच्या माणसाने 'खरा मालक तू नाहीस' असं लिहून ठेवलंय हे त्याला कळायची सोय नव्हती.

जमैकातल्या रास्तफारींबद्दल, म्हणजे आफ्रिकेकडे डोळे लावलेल्या तिथल्या धर्मपंथाबद्दल, एकच गोष्ट सांगतो, कारण त्यात आपला धागा आहे. या पंथाच्या पहिल्या प्रचारकांपैकी लेनर्ड हॉवेल याने १९३५ च्या सुमारास आपली पुस्तिका काढली ती 'जी. जी. माराघ' या नावाने, म्हणजे गंगुनगुरु माराघ. हे नाव जमैकात १८४५ पासून आलेल्या हिंदुस्थानी गिरमिटियांच्या बोलीतून आलं असं मानतात, आणि 'महाराज' त्यात ऐकू येतोच. त्यांच्या गाण्यांत आणि ढोलावर म्हटलेल्या कवितेत सारखं येणारं 'बाबेल' (बॅबिलोन) बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या १३७ व्या स्तोत्राशी जोडलेलं आहे: बाबेलच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, आणि ज्यांनी बंदी केलं तेच म्हणतात, गाऊन दाखवा. डग्लसने १८५२ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात गोऱ्या श्रोत्यांपुढे हेच स्तोत्र ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांनी किंग्स्टनच्या वस्तीत पोलीस म्हणजे बाबेल झाले.

कागदावर लिहिणाऱ्या कवींकडे येतो. इथे श्रद्धा सरळ रेषेत चालत नाही. लँग्स्टन ह्यूज यांनी १९३२ मध्ये येशूला रामराम ठोकणारी कविता लिहिली. ती त्यांना पुढे इतकी भोवली की १९४० मध्ये त्यांच्या कार्यक्रमाबाहेर निदर्शनं झाली आणि त्यांना हात झटकावे लागले. त्याच माणसाने १९६१ मध्ये येशूजन्माचं संगीतनाटक रंगमंचावर आणलं. मला यात विसंगती दिसत नाही. चर्चशी भांडण आणि चर्चच्या सुरावर प्रेम एकाच छातीत राहू शकतं. बार्बाडोसचे कमाउ ब्राथवेट घानात काही वर्षं राहून आले आणि त्यांच्या कवितेत ढोलाची लय परतली. वादळ काही इंग्रजी पंचपदी वृत्तात गरजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑड्री लॉर्ड यांनी १९७८ च्या संग्रहात पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या दाहोमी राज्याच्या देवी बोलावल्या, शेवटी त्यांच्या नावांची सूची जोडली. आणि ल्युसिल क्लिफ्टन! त्यांच्या १९७४ च्या संग्रहात कालीवर कविता आहेत. बंगालची नव्हे, बाल्टिमोरच्या घरात शिरलेली काली. कवयित्री तिला दार लावू पाहते आणि ती हटत नाही. क्लिफ्टन यांच्या छोट्या, कॅपिटल अक्षरं टाळणाऱ्या ओळींनी माझ्या विद्यार्थ्यांना जितकं धरून ठेवलं तितकं दुसऱ्या कुणी नाही.

आता बाबासाहेबांचा मुद्दा. तुलना करताना एक फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे अस्पृश्याला देवळाबाहेर ठेवलं, वेद ऐकायची बंदी केली. तिथे गुलामाला धर्मात ओढून आणून त्याचाच लगाम केला. कोंडी वेगळी, म्हणून फोडायची तऱ्हा वेगळी. शिवाय त्यांनी सोडलं नाही असंही नाही. फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना प्रार्थना चालू असताना ओढून उठवलं, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि सोबती उठून चालते झाले. १८१६ मध्ये त्यांनी आपलं स्वतंत्र चर्च स्थापन केलं. देव ठेवला, मालकाचं चर्च सोडलं. पुढे १९३० मध्ये डेट्रॉइटला नेशन ऑफ इस्लाम ही कृष्णवर्णीयांची धार्मिक संघटना उभी राहिली आणि तिथून माल्कम एक्स आला. त्यांनी देवही बदलला.

फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी फिस्क विद्यापीठातल्या माजी गुलामांच्या मुलामुलींचा गायकचमू लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर स्पिरिच्युअल गात होता, आपल्या कॉलेजच्या इमारतीसाठी पैसे उभे करायला. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या निवेदनाची प्रत मागितली. पण कविता म्हणून ही परंपरा आपल्याकडे खऱ्या अर्थाने पोचली १९७२ मध्ये, दलित पँथरच्या नावातून आणि आवेशातून. म्हणजे ब्लॅक पॉवर या जहाल कृष्णवर्णीय चळवळीचा संताप आधी आला आणि मागची दोनशे वर्षं आलीच नाहीत. त्यामुळे आपल्याला वाटतं की खरी बंडखोर कविता निधर्मी आणि शिव्या देणारी, भजन गाणारे मात्र शरणागत. ओकलंडच्या मूळ ब्लॅक पँथरांनी पोरांसाठी मोफत न्याहारी सुरू केली ती १९६९ मध्ये एका चर्चच्या हॉलात, हे आपल्याकडच्या लेखांतून सहसा गळतं.

सुरुवात कानाने करा. जॉर्जियाच्या किनारी बेटांवरच्या गायकांची, लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्स यांनी केलेली ध्वनिमुद्रणं सहज सापडतात. सुटाबुटातल्या गायकवृंदांच्या आधी ती ऐका. मग डग्लसच्या १८४५ च्या आत्मचरित्राचा दुसरा अध्याय वाचा. गुलाम गातात म्हणजे सुखी असतात, या समजाला त्याने तिथे चार-पाच परिच्छेदांत गाडलं आहे. त्यानंतर डू बॉइस यांच्या १९०३ च्या पुस्तकातला या गाण्यांवरचा शेवटचा अध्याय. त्यांनी प्रत्येक अध्यायाच्या डोक्यावर गाण्याच्या नुसत्या स्वरओळी छापल्या, शब्द दिले नाहीत. ज्याला गाणं येतं त्यालाच ते वाचता येईल, अशी तजवीज. फिलिस व्हीटली मात्र लगेच घेऊ नका. सात-आठ वर्षांची असताना १७६१ मध्ये बॉस्टनच्या बाजारात विकली गेलेली ही मुलगी १७७३ मध्ये लंडनला कवितासंग्रह छापते. 'देवाच्या दयेने मला आफ्रिकेतून आणलं' ही तिची ओळ पहिल्या वाचनात चीड आणते. तिचं १७७४ चं पत्र सोबत ठेवून वाचा. त्यात ती म्हणते की प्रत्येक माणसाच्या उरात देवाने स्वातंत्र्याची ओढ पेरली आहे आणि त्या ओढीला जुलूम सोसवत नाही. मग त्या कवितेतल्या शेवटच्या दोन ओळींची धार दिसते.

कॅरिबियनकडे वळण्याआधी रॉबर्ट हेडन यांची गुलामवाहू जहाजांवरची दीर्घ कविता नक्की घ्या. हेडन बहाई होते, फिस्कला वीसेक वर्षं शिकवत होते, आणि १९६६ मध्ये तिथल्याच परिषदेत 'मी आधी कवी, मग काळा' या भूमिकेपायी तरुणांच्या रोषाला तोंड देत होते. ती कविता जहाजांच्या नावांनी सुरू होते: येशू, तारा, आशा, दया. नावं कल्पनेतली वाटतात, पण इंग्रज व्यापारी जॉन हॉकिन्सने १५६४ मध्ये गुलाम आणायला नेलेल्या जहाजाचं नाव खरोखरच 'जीझस ऑफ ल्युबेक' होतं. कवितेत खलाश्यांच्या रोजनिशा, कोर्टातल्या जबान्या आणि ख्रिस्ती भजनाचे तुकडे मिसळत जातात. एकट्याने मनात वाचलीत तर गोंधळ होईल. दोघा-तिघांनी आवाज वाटून घेऊन मोठ्याने वाचा, म्हणजे भजन कोणाच्या तोंडी आहे आणि खाली कोठारात कोण आहे हे आपोआप वेगळं होतं.